गुळवेल: ओळख, काढणी आणि सुरक्षित वापर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात गुळवेल शोधायला फार लांब जावे लागत नाही. बांधावरचा लिंब, ओढ्याकाठचे करंज, गावठाणातले पडके वाडे आणि शेताची जुनी कुंपणे अशा सगळ्या ठिकाणी ती चढलेली दिसते. कोरोनाच्या साथीपासून तिचा वापर घरोघरी वाढला आणि त्याबरोबर चुकीच्या वेली तोडून आणण्याचे व नको त्या माणसाने काढा घेण्याचे प्रकारही वाढले. गुळवेल औषधी आहे यात शंका नाही, परंतु जे औषध आहे ते ओळखून, मोजून आणि माणूस पाहूनच घ्यावे लागते. पुढील उत्तरे त्याच भूमिकेतून लिहिली आहेत. ती डॉक्टरांच्या किंवा वैद्यांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत.

गुळवेल म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

गुळवेल ही मेनिस्पर्मेसी कुळातील, वर्षानुवर्षे टिकणारी मोठी वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया असे आहे. संस्कृत ग्रंथांत तिला गुडूची व अमृता म्हणतात, तर बाजारातल्या बाटल्यांवर गिलोय हे हिंदी नाव छापलेले असते. या तिन्ही नावांनी एकच वनस्पती अभिप्रेत असते. औषधासाठी मुख्यतः तिचे खोड वापरले जाते आणि भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातही गुडूची म्हणून खोडाचीच नोंद आहे.

रानात गुळवेल खात्रीने कशी ओळखावी?

केवळ हृदयाच्या आकाराचे पान पाहून वेल ओळखू नये, कारण तशी पाने असणाऱ्या अनेक वेली आपल्याच शिवारात आहेत. पान, खोड, साल, मुळ्या आणि चीक या पाचही गोष्टी एकाच वेलीवर जुळल्या पाहिजेत, आणि त्यांतील एक जरी जुळली नाही तरी ती वेल सोडून द्यावी.

पान हृदयाकृती, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, टोकाला निमुळते आणि साधारण तळहाताएवढे असते. देठ लांब असतो व तो जिथे खोडाला आणि पानाला जोडलेला असतो तिथे थोडा फुगलेला, बुडाशी किंचित पीळ दिलेला दिसतो. देठाच्या जोडापासूनच पाच ते सात शिरा पंज्यासारख्या पसरतात. पाने खोडावर एकाआड एक येतात. समोरासमोर जोडीने पाने येत असतील तर ती गुळवेल नव्हे.

खोडाकडे अधिक लक्ष द्यावे. कोवळे खोड हिरवे व गुळगुळीत असते, तर जुन्या खोडावर करड्या किंवा फिकट तपकिरी रंगाचा, कागदासारखा पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा नखाने सहज निघतो आणि त्याखाली लगेच हिरवागार थर दिसतो. सालीवर विखुरलेले बारीक पांढुरके ठिपके असतात. अंगठ्याएवढ्या जाडीचे खोड धारदार विळ्याने आडवे कापून काप उजेडात धरला, तर मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या रेषांमुळे तो बैलगाडीच्या चाकासारखा दिसतो: मधोमध तुंबा आणि भोवती आरे. कापलेल्या जागी बोट लावल्यास थोडा बुळबुळीत, पाण्यासारखा रस लागतो. तो पांढरा नसतो. त्याची चव स्पष्ट कडू असते, मात्र इतर सर्व खुणा जुळल्याशिवाय कोणतीही वेल चाखून पाहू नये.

आणखी एक ठळक खूण म्हणजे हवेत लोंबणाऱ्या मुळ्या. फांद्यांवर उंच चढलेल्या वेलीतून दोरीसारख्या बारीक मुळ्या सरळ खाली येतात, आणि काही थेट जमिनीपर्यंत पोहोचतात. वेल बुडाशी कापली गेली तरी वरचा भाग अशा नव्या मुळ्या सोडून जिवंत राहतो. शेतकऱ्यांनी कुंपण साफ करताना तोडलेल्या गुळवेली पावसाळ्यात पुन्हा हिरव्या होतात, त्या यामुळेच.

नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलींवर येतात. फुले अगदी बारीक, हिरवट-पिवळी असतात व साधारणपणे उन्हाळ्यात, पाने नसताना दिसतात. फळे फक्त मादी वेलीवर धरतात. ती वाटाण्याएवढी, गोल आणि पिकल्यावर लालभडक होतात. आपल्या वेलीला कधीच फळ येत नाही म्हणून ती गुळवेल नसावी, असा निष्कर्ष काढू नये. ती नर वेल असू शकते.

मराठवाड्यात कोणत्या वेलींशी गुळवेलीची गल्लत होते?

सर्वाधिक गल्लत उतरणीशी होते. उतरण कुंपणावर आणि पडीक रानात सर्वत्र वाढते, तिचे पानही हृदयाकृती असते आणि दुरून ती सहज फसवते. परंतु तिची पाने समोरासमोर जोडीने येतात, अंगावर लव असते, चुरडल्यावर उग्र वास येतो आणि पान तोडताच पांढरा चीक येतो. तिला मऊ काट्यांची, जोडीने येणारी लांबट फळे लागतात. हरणदोडीच्या बाबतीतही पानांची समोरासमोरची जोडी पाहिली म्हणजे शंका फिटते.

म्हणून एक नियम पक्का लक्षात ठेवावा: पान किंवा खोड तोडल्यावर पांढरे दूध आले, तर ती वेल गुळवेल म्हणून घरी आणू नये. याला अपवाद करू नये, मग दाखवणारा माणूस कितीही जाणता असो.

पहाडवेल आणि वासनवेल या गुळवेलीच्याच कुळातल्या असल्याने त्यांच्याशी गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पहाडवेलीचे पान गोलसर व लवदार असते आणि देठ पानाच्या कडेला न जुळता थोडा आतल्या बाजूला जुळतो. वासनवेलीची पाने लहान व मखमली असतात, फळे जांभळी-काळी असतात आणि पाने पाण्यात चोळली की थोड्या वेळाने ते पाणी थिजते. या दोन्हींची खोडे बारीक असतात. गुळवेलीसारखे मांसल, पापुद्रा सुटणारे खोड त्यांना नसते. कर्ण्यासारखी निळी-जांभळी फुले येणाऱ्या गारवेलीच्या जाती पानांवरून फसवू शकतात, पण फुलांच्या दिवसांत त्या लगेच ओळखू येतात. कांडवेलीचे खोड चौधारी असल्याने ती खरे तर वेगळी ओळखू यायला हवी, तरीही केवळ नावातल्या ‘वेल’ शब्दामुळे मागणारा व देणारा दोघेही गोंधळल्याची उदाहरणे घडतात.

गुळवेलीच्या दोन सख्ख्या भावंडांची माहितीही हवी. टिनोस्पोरा सायनेन्सिस या जातीची पाने मोठी व खालून मखमली लव असलेली असतात. टिनोस्पोरा क्रिस्पा ही जात आपल्या रानातली नाही, पण रोपवाटिका आणि बागांमधून ती पसरू शकते. तिच्या खोडावर चामखिळींसारखे ठळक उंचवटे असतात, कापल्यावर दुधासारखा स्राव येतो आणि फळे लांबट व नारिंगी असतात. खोडावर फोड आल्यासारखे उंचवटे दिसले तर ती वेल वापरू नये. केंद्रीय आयुष मंत्रालयानेही या जातीला गुळवेल समजून वापरण्याबाबत सावध केले आहे.

पाने नसताना वेल कशी ओळखायची?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण काढणीचा योग्य काळ उन्हाळ्याचा असतो आणि नेमकी तेव्हाच बहुतेक वेलींची पाने गळालेली असतात. चैत्र-वैशाखात बांधावर फक्त वाळक्या दोरखंडासारखी खोडे लोंबताना दिसतात, आणि एकाच लिंबावर दोन-तीन जातींच्या वेली गुंतलेल्या असतील तर अनुभवी माणूसही चुकू शकतो.

त्यावर साधा उपाय आहे. श्रावण-भाद्रपदात, वेल पूर्ण पानात असताना ती ओळखावी, पाने व खोडाची छायाचित्रे घ्यावीत आणि बुडाजवळच्या खोडाला रंगीत सुतळी किंवा कापडाची पट्टी सैल बांधून ठेवावी. उन्हाळ्यात फक्त खूण बांधलेलीच वेल कापावी. गावात तज्ज्ञ मिळत नसेल तर पानासह फांदीचा तुकडा आणि खोडाचा तुकडा वर्तमानपत्रात दाबून जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र विभागात दाखवता येतो. नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत आणि तेथील द्रव्यगुण विभागात औषधी वनस्पतींचेच अध्यापन होते. मोबाइलमधील वनस्पती ओळखणाऱ्या अ‍ॅपचा आधार अंदाजापुरता घ्यावा. पोटात जाणाऱ्या वस्तूबाबत त्यावर विसंबू नये.

फक्त लिंबावरचीच गुळवेल घ्यावी, हे खरे आहे का?

लिंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानण्याची परंपरा जुनी आहे आणि वैद्य आजही तिला पसंती देतात. मात्र गुळवेल बांडगुळासारखी झाडाच्या अंगातून रस शोषून घेत नाही. तिची मुळे जमिनीत असतात आणि झाड तिला फक्त आधार देते. त्यामुळे लिंबावरची नाही म्हणून करंजावरची किंवा बाभळीवरची वेल निरुपयोगी ठरत नाही. लिंबावरची मिळाली तर घ्यावी, पण वेल कोणत्या झाडावर आहे यापेक्षा ती कोणत्या जागी आहे हे अधिक काळजीने पाहावे. कण्हेर किंवा रुई यांसारख्या विषारी झुडपांत गुंतलेली वेल मात्र टाळावी, कारण तोडताना त्यांचे तुकडे आणि चीक त्यात मिसळतात.

कोणत्या जागेची वेल अजिबात तोडू नये?

कापसाच्या शेताच्या बांधावरची वेल हंगामात आणि त्यानंतर बराच काळ वापरू नये. कपाशीवर होणाऱ्या फवारण्या वाऱ्याने बांधावर येतात, आणि अलीकडे बांध साफ करण्यासाठी तणनाशकही सर्रास मारले जाते. सोयाबीनच्या शेतांना आणि मोसंबीच्या बागांनाही हेच लागू होते. आपल्या शेतात फवारणी होत नसली तरी शेजारच्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय सामाईक बांधावरची वेल कापू नये. रहदारीच्या रस्त्याकडेची, सांडपाण्याच्या नालीवरची, उकिरड्याजवळची आणि कारखान्याच्या भिंतीवरची वेलही घेऊ नये.

विजेच्या खांबावर किंवा तारांवर चढलेल्या वेलीला हातच लावू नये. ओली वेल वीज वाहून नेते. कोयता लोखंडी असतो आणि जीव जाण्यास एक क्षण पुरतो. झाडावर आग्या मोहोळ आहे का, हे खालून नीट पाहून मगच जवळ जावे. जुन्या कुंपणांत खाजकुइलीच्या शेंगा लपलेल्या असतात. त्यांची लव अंगाला लागली तर असह्य खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे वापरावेत.

वनक्षेत्रातून गुळवेल आणता येते का?

अभयारण्यातून कोणतीही वनस्पती काढणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार परवानगीशिवाय करता येत नाही. गौताळा औट्रमघाट किंवा येडशी रामलिंग घाट येथे फिरायला गेल्यावर सहज म्हणून वेल तोडणे हाही त्या कायद्याचा भंग ठरतो. राखीव वनांत वन विभागाचे नियम लागू होतात. किनवट परिसरातील आदिवासी व परंपरागत वननिवासी कुटुंबांना वनहक्क कायदा, 2006 नुसार गौण वनोपज गोळा करण्याचे व विकण्याचे हक्क आहेत, आणि बाहेरच्या व्यक्तीने तेथे जाऊन माल उचलणे म्हणजे त्यांच्या हक्कावर गदा आणणे होय. बालाघाटाच्या डोंगरात आणि गायरानात ग्रामपंचायतीला विचारावे. खाजगी बांधावरच्या वेलीसाठी मालकाचा शब्द घ्यावा. गुळवेल इतकी सहज लागते की स्वतःच्या कुंपणावर ती वाढवणे हाच माझ्या मते सर्वांत सरळ मार्ग आहे.

काढणी कधी आणि कशी करावी?

पानगळ झाल्यापासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, काढणीस योग्य मानला जातो. या दिवसांत खोडात पाण्याचे प्रमाण कमी असते, त्यामुळे ते लवकर वाळते आणि बुरशी धरत नाही. पावसाळ्यात कापलेले खोड घरात वाळवणे मराठवाड्याच्या कोरड्या हवेतही अवघड जाते.

करंगळीपासून अंगठ्यापर्यंत जाडीचे, पक्व, निरोगी खोड निवडावे. अगदी कोवळे हिरवे शेंडे आणि मनगटाएवढी जुनी, आतून पोकळ झालेली खोडे दोन्ही सोडावीत. जमिनीपासून किमान एक फूट खोड जागेवर ठेवून वर तिरका काप द्यावा. वेल ओढून काढू नये. ओढल्याने मूळ उपटते आणि झाडाच्या फांद्याही मोडतात. एका वेलीचा निम्म्याहून अधिक भाग एका वर्षी घेऊ नये. फळे धरलेल्या मादी वेलींवरची काही फळे पाखरांसाठी राहू द्यावीत, कारण नव्या वेलींचे बी तीच पसरवतात.

वाळवणे आणि साठवणे कसे करावे?

खोड स्वच्छ पाण्याने धुऊन पुसून घ्यावे, वरचा पातळ पापुद्रा बोटांनी चोळून काढावा आणि बोटाच्या एका पेराएवढे तुकडे करावेत. जाड तुकडे उभे चिरावेत, नाही तर वरून वाळलेले दिसतात आणि आतून ओले राहतात. हे तुकडे स्वच्छ कापडावर एका थरात, हवेशीर सावलीत पसरावेत व दिवसातून दोनदा वरखाली करावेत. पत्र्यावर कडक उन्हात टाकू नयेत. रात्री ते घरात घ्यावेत.

तुकडा हाताने वाकवल्यावर लवचिकपणे वाकत असेल तर तो ओला आहे. कट्‌ आवाज करून मोडला आणि आत फिकट, तंतुमय, पिठूळ भाग दिसला, म्हणजे तो वाळला. काळे डाग, कुबट वास किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसणारे तुकडे निवडून बाजूला काढणे पुरेसे नाही. त्या डब्यातला सगळा माल टाकावा, कारण बुरशीचे विष डोळ्यांना न दिसणाऱ्या भागातही असू शकते. वाळलेला माल काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, वेलीचे नाव, जागा आणि काढणीचा महिना लिहून ठेवावा. घरी केलेले चूर्ण थोडे थोडेच करावे व काही महिन्यांत संपवावे.

किती मात्रेत आणि कशी घ्यावी?

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुडूचीच्या चूर्णाची मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम आणि काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम खोड अशी दिली आहे. ही निरोगी प्रौढ व्यक्तीसाठीची, वैद्याने विकार पाहून ठरवायची मर्यादा आहे. रोज तेवढे घेतलेच पाहिजे असा तिचा अर्थ नाही.

काढ्यासाठी वाळलेले तुकडे खलबत्त्यात जाडेभरडे कुटून पाण्यात मंद आचेवर, झाकण न ठेवता उकळतात व पाणी चौथाई राहिल्यावर गाळून घेतात. स्टीलचे भांडे वापरावे. काढा रोज ताजा करावा, कालचा उरलेला पुन्हा गरम करून घेऊ नये. कडूपणा जातो म्हणून त्यात भरपूर गूळ घालण्याची पद्धत घराघरांत आहे, पण मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत ती पद्धत काढ्याचा हेतूच मोडून टाकते.

सर्वांत मोठी चूक मात्रेपेक्षा कालावधीत होते. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय होणार नाही’ या समजुतीने लोक महिनोन्‌महिने रोज काढा घेतात. वैद्याने ठरवून दिलेल्या दिवसांपलीकडे तो घेऊ नये, आणि कोणताही आजार नसताना केवळ प्रतिकारशक्तीसाठी रोजचा काढा चालू ठेवणे टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुळवेल सत्त्व घरी करता येते का? बाजारातले खरे कसे ओळखावे?

घरी करता येते, पण त्यासाठी संयम हवा. ताजी, जाड, पापुद्रा काढलेली खोडे ठेचून रात्रभर पाण्यात भिजवतात, सकाळी हाताने खूप चोळून चोथा काढतात, पाणी स्वच्छ कापडातून गाळून न हलवता ठेवतात. तळाशी पांढुरका साका बसतो. वरचे पाणी अलगद ओतून तो साका वाळवला की सत्त्व तयार होते. कित्येक किलो वेलीतून ते अगदी थोडे निघते, म्हणूनच ते महाग असते आणि म्हणूनच त्यात भेसळ होते.

सत्त्व मुख्यतः पिष्टमय असते. आयोडिनचा थेंब टाकल्यावर ते निळे-काळे होते, आणि बटाट्याचे किंवा मक्याचे पीठही तसेच होते. त्यामुळे ही चाचणी खरेपणा सिद्ध करत नाही. ती फक्त खडूसारख्या इतर पदार्थांची शंका असेल तर उपयोगी पडते. परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि निर्मात्याचा पत्ता नसलेली पुडी आठवडी बाजारातून घेऊ नये. वाळलेली खोडे सुटी घ्यायची असल्यास आडवा काप आणि आऱ्यांची खूण पाहूनच घ्यावीत. दळलेल्या चूर्णात मात्र काय मिसळले आहे हे कोणालाही डोळ्यांनी सांगता येत नाही.

गुळवेलीची पाने भाजीत वापरतात, ते चालते का?

पावसाळ्यात कोवळ्या पानांची भाजी करण्याची पद्धत ग्रामीण महाराष्ट्रात आहे आणि कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांतही ती मांडली जाते. वेलीची ओळख पक्की असेल, ज्यांनी टाळायला हवे अशांपैकी कोणी ताटावर नसेल आणि भाजी अधूनमधून होत असेल, तर त्याला हरकत नाही. पाने एकेक करून निवडावीत. कुंपणावर उतरण आणि गुळवेल एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि घाईने ओरबाडलेल्या जुडीत दोन्ही येतात.

यकृताला अपाय होतो असे ऐकले. त्यात तथ्य किती?

या प्रश्नाचे उत्तर टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. कोरोनाच्या साथीत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा दाह झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांमधील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेला दाह बऱ्याच जणांमध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखा होता. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली याची खात्री झालेली नाही, टिनोस्पोरा क्रिस्पासारख्या जातीशी गल्लत झालेली असू शकते आणि योग्य मात्रेतील गुळवेल सुरक्षित आहे, अशी मंत्रालयाची भूमिका आहे.

वाचकाने यातून दोन व्यवहार्य गोष्टी घ्याव्यात. वेलीची ओळख ही केवळ अभ्यासकांची हौस नाही, हे या वादातील दोन्ही बाजूंना मान्य आहे. आणि ज्यांना आधीपासून यकृताचा किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार आहे, त्यांनी वाद मिटण्याची वाट न पाहता गुळवेलीपासून दूर राहावे.

काढा सुरू असताना भूक एकदम मेली, मळमळ होऊ लागली, लघवी चहासारखी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर काढा त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जावे व यकृताची रक्ततपासणी करावी. काय, किती आणि किती दिवस घेतले ते न लपवता सांगावे. शक्य असल्यास उरलेले तुकडे किंवा चूर्णाची पुडी सोबत न्यावी. ‘डॉक्टर रागावतील’ या भीतीने अनेक जण काढ्याचा उल्लेखच करत नाहीत, आणि त्यामुळे निदानाला उशीर होतो.

कोणी गुळवेल घेऊ नये?

गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ती घेऊ नये. कावीळ, फॅटी लिव्हर, सिरॉसिस किंवा यकृताचा कोणताही आजार असलेल्यांनी, तसेच नियमित मद्यपान करणाऱ्यांनी टाळावी. आमवात म्हणून ओळखला जाणारा रुमेटॉइड संधिवात, ल्युपस किंवा प्रतिकारशक्तीमुळे झालेला थायरॉइडचा विकार असलेल्यांनी टाळावी, कारण गुळवेल प्रतिकारशक्तीला चालना देते आणि या आजारांत प्रतिकारशक्तीच आपल्या शरीराविरुद्ध काम करत असते. मूत्रपिंड किंवा यकृताचे प्रत्यारोपण झालेल्या व्यक्तीने तर तिच्या वाऱ्यालाही उभे राहू नये, कारण प्रत्यारोपित अवयव टिकवणाऱ्या औषधांच्या विरुद्ध दिशेने ती काम करू शकते.

गुळवेलीने रक्तातील साखर कमी होऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने सकाळी उपाशीपोटी काढा घेतला आणि न्याहारीला उशीर झाला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही लक्षणे दिसताच साखर किंवा गूळ द्यावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेहाच्या गोळ्या सोडून गुळवेलीवर राहण्याचा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नये. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे ती बंद करावी आणि तसे भूलतज्ज्ञांना सांगावे. लहान मुलांना बालरोगतज्ज्ञ किंवा वैद्य यांना दाखवल्याशिवाय देऊ नये.

ताप आल्यावर किंवा कावीळ झाल्यावर आधी गुळवेलीचा काढा द्यावा का?

नाही. आयुर्वेदात ज्वरावर गुडूची सांगितली आहे हे खरे, पण तेथे ती रोग्याला तपासणाऱ्या वैद्याच्या हातात आहे. पावसाळ्यानंतर मराठवाड्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवसच अनेकदा धोक्याचे असतात. काढ्याने ताप उतरला असे समजून घरी थांबलेल्या रुग्णाचे ते दिवस वाया जातात. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा खूप गळून जाणे यांपैकी काहीही दिसले तर रुग्णालय गाठावे. त्याआधी, ताप दोन दिवसांत न उतरल्यास, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. यासाठी गावातील आशाताईंची मदत घेता येते.

काविळीच्या बाबतीत तर गावोगावी झाडपाल्याचे औषध देण्याची पद्धत इतकी रूढ आहे की तपासणीचा विचार बऱ्याच घरांत नंतर येतो. कावीळ हे लक्षण आहे. त्यामागे दूषित पाण्यातून आलेला विषाणू असेल, पित्तनलिकेतला खडा असेल किंवा एखादे औषधच असेल, आणि आधीच सुजलेल्या यकृतावर अनोळखी वेलीचा काढा घालणे हा धोका कोणीही पत्करू नये.

मुलाने गुळवेलीची लाल फळे खाल्ली तर काय करावे?

ही फळे खाद्य म्हणून वापरत नाहीत. तोंड स्वच्छ धुवावे, उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये आणि ज्या वेलीची फळे खाल्ली तिची पानासह फांदी घेऊन डॉक्टरांकडे जावे. मूल ‘गुळवेलीची’ म्हणत असले तरी लाल गोल फळे इतर अनेक वेलींना येतात. गुंजेच्या लाल-काळ्या बिया तर अतिशय विषारी असतात. म्हणून नेमकी फांदी सोबत असणे उपचारासाठी मोलाचे ठरते.

घरच्या कुंपणावर गुळवेल कशी लावावी?

मे अखेर किंवा जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमारास, ओळख पक्की झालेल्या वेलीचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, दोन-तीन डोळे असलेले वीतभर तुकडे घ्यावेत. ते उलटे लागू नयेत म्हणून बुडाकडचे टोक तिरके व शेंड्याकडचे सरळ कापावे. बुडाकडचा एक डोळा मातीखाली जाईल असे पिशवीत किंवा थेट लिंबाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर लावावेत. काळ्या जमिनीत पाणी साचते व तुकडा कुजतो, तेव्हा तेथे खड्ड्यात मुरूम किंवा वाळू मिसळावी आणि जागा थोडी उंच करावी. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी पुरते, पुढे ती पावसावर तग धरते. शेळ्या कोवळे शेंडे खातात, म्हणून सुरुवातीला काट्यांचे आळे करावे. पहिली दोन वर्षे वेल कापू नये. त्यानंतर खोड अंगठ्याएवढे झाले की, दरवर्षी उन्हाळ्यात घरापुरते तुकडे तिच्यापासून मिळत राहतात.